सनदेचा अर्ज : मायरा ब्रॅडवेल आणि इलिनॉय राज्य

#थ्रेड #इतिहास

१/
ऑगस्ट १८६९. शिकागो शहरातील ३८ वर्षांच्या एका महिलेने वकिलीची परीक्षा दिली. परीक्षक होते एक न्यायाधीश आणि एक सरकारी वकील. दोघांनीही ती सनदेस पात्र असल्याचा दाखला दिला. तरीही सनद मिळण्यास २१ वर्षे लागली. या काळात तिला कायदा येत नाही, असे एकाही न्यायालयाने म्हटले नाही. मग घोडे अडले कुठे?

२/
आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत वकिलीची सनद देण्याचा अधिकार प्रत्येक राज्याकडे आहे, तेव्हाही होता आणि आजही आहे. त्या काळी बहुतेक उमेदवार एखाद्या वकिलाच्या कचेरीत राहून कायदा वाचत. मग परीक्षा, सच्चारित्र्याचा दाखला आणि शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज, असा क्रम असे. अब्राहम लिंकन यांना याच इलिनॉय राज्यात १८३६ साली सनद मिळाली होती. त्यांनी कोणत्याही विधी महाविद्यालयात पाऊल ठेवलेले नव्हते.

३/
अर्जदार महिलेचे नाव मायरा ब्रॅडवेल. जन्म १८३१, व्हरमाँट राज्यातला. काही काळ शिक्षिका. १८५२ मध्ये जेम्स ब्रॅडवेल यांच्याशी विवाह. जेम्स पुढे वकील आणि नंतर न्यायाधीश झाले. पतीच्या कामात साहाय्य व्हावे म्हणून मायरा यांनी कायद्याचा अभ्यास आरंभला. १८६८ मध्ये त्यांनी ‘शिकागो लीगल न्यूज’ हे साप्ताहिक सुरू केले. ताजे निकाल आणि नवे कायदे छापणारे हे पत्र वकीलवर्गात लवकरच अपरिहार्य ठरले.

४/
या साप्ताहिकाच्या स्थापनेतच पुढच्या संघर्षाचे बीज होते. तेव्हाच्या इंग्लिश परंपरेतील कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिने केलेला करार तिच्यावर बंधनकारक नसे. त्यामुळे स्वतःच्या नावावर व्यवसाय चालवता यावा, यासाठी ब्रॅडवेल यांना इलिनॉयच्या विधिमंडळाकडून खास अधिकारपत्र मिळवावे लागले. त्याच विधिमंडळाने त्यांच्या पत्रात छापलेले कायदे आणि निकाल न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य ठरवले. थोडक्यात, त्यांनी छापलेला शब्द न्यायालयात चाले. त्यांनी स्वतः उच्चारलेला चालेल का, हा प्रश्न उरला होता.

५/
सप्टेंबर १८६९ मध्ये त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. अडचण कुठे येईल, हे त्यांनी आधीच ओळखले होते. सनदेविषयीच्या कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्दप्रयोग होता. पुढे सर्वनाम मात्र पुल्लिंगी होते. त्यावर ब्रॅडवेल यांनी राज्याच्याच दुसऱ्या एका कायद्यावर बोट ठेवले : कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा, असे त्यात स्पष्ट नमूद होते.

६/
त्यांच्या हाती एक ताजे उदाहरणही होते. त्याच वर्षी जून महिन्यात शेजारच्या आयोवा राज्यात अराबेला मॅन्सफिल्ड यांना सनद मिळाली होती. आयोवाच्या कायद्यात तर ‘गोरा पुरुष’ असे शब्द होते. तरीही तेथील न्यायाधीशांनी पुल्लिंगी शब्दात स्त्रीचा समावेश होतो, असा अर्थ लावला. आयोवाचा शब्द अरुंद होता, पण अर्थ रुंद लावला गेला. इलिनॉयमध्ये नेमके उलट घडणार होते.

७/
पहिला नकार ऑक्टोबर १८६९ मध्ये एका पत्राद्वारे कळवण्यात आला. कारण : अर्जदार विवाहित आहे. वकील आणि अशील यांच्यातील नाते कराराचे असते. विवाहितेचा करार तिला बांधील करीत नाही, म्हणून अशिलाच्या हिताची शाश्वती उरत नाही. हा तर्क मान्य केला तर अविवाहित स्त्रीला सनद मिळायला हवी होती. ही फट ब्रॅडवेल यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

८/
त्यांनी लेखी युक्तिवाद सादर केला. इलिनॉयने १८६१ मध्ये विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर, तर १८६९ मध्ये स्वतःच्या कमाईवर अधिकार दिला होता. यांपैकी १८६९ च्या कायद्यासाठी ब्रॅडवेल स्वतः झटल्या होत्या. जी स्त्री स्वतःच्या मिळकतीची स्वामिनी आहे, तिच्यावर करार बंधनकारक नाही असे कसे म्हणता येईल, हा त्यांचा सवाल होता.

९/
दुसरा नकार आला तेव्हा कारण बदललेले होते. मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स लॉरेन्स यांच्या निकालपत्रात विवाहाचा मुद्दा मागे पडला आणि अर्जदाराचे स्त्री असणे हाच अडसर ठरला. न्यायालयाच्या मते, सनदेचा कायदा संमत झाला तेव्हा एखादी स्त्री वकील होईल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. म्हणून ‘व्यक्ती’ या शब्दाचा तसा विस्तार करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

१०/
त्याच निकालपत्रात आणखी दोन गोष्टी आहेत. अर्जदाराच्या पात्रतेविषयी आपल्याला शंका नाही, अशी कबुली न्यायालयाने दिली. आणि हा प्रश्न विधिमंडळापुढे नेता यावा म्हणून आपण कारणे लेखी देत आहोत, असेही नोंदवले. दार बंद करणाऱ्यानेच दुसऱ्या दाराकडे बोट दाखवले होते. ब्रॅडवेल यांनी हा निकाल स्वतःच्या साप्ताहिकात छापला.

११/
पुढचा प्रवास दोन वाटांनी झाला. एक वाट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाणारी. १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती अमलात आली होती. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना नागरिकत्वाचे संरक्षण देणे हा तिचा मुख्य हेतू. कोणत्याही राज्याने अमेरिकी नागरिकांच्या विशेष हक्कांचा संकोच करू नये, असे तिचे एक कलम सांगते. पसंतीचा व्यवसाय करणे हा असाच एक हक्क आहे, असा ब्रॅडवेल यांचा दावा होता.

१२/
खटला प्रलंबित असतानाच ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोत महाभयंकर आग लागली. ब्रॅडवेल यांची कचेरी भस्मसात झाली. वर्गणीदारांची वही तेवढी त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीने वाचवली. ब्रॅडवेल यांनी मिलवॉकी शहर गाठले आणि पुढचा अंक तेथून वेळेवर काढला. शिकागोच्या वकिलांचे ग्रंथ आगीत गेले होते. अशा वेळी सनद नाकारलेल्या या स्त्रीच्या पत्रावर सनदधारक विसंबून होते.

१३/
जानेवारी १८७२ मध्ये सुनावणी झाली. ब्रॅडवेल यांच्या बाजूने विस्कॉन्सिनचे सिनेटर मॅथ्यू कारपेंटर उभे राहिले. इलिनॉय राज्याने आपला वकीलही पाठवला नाही. वकिली आणि मताधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कारपेंटर यांनी आवर्जून मांडले. स्त्रीला वकिली करू दिली म्हणजे मतदानही द्यावे लागेल, ही न्यायमूर्तींच्या मनातील संभाव्य धास्ती त्यांना दूर करायची होती.

१४/
दुसरी वाट विधिमंडळाची. तिच्यावर ब्रॅडवेल यांना साथ लाभली अल्टा ह्युलेट या तरुणीची. तिलाही परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनद नाकारली गेली होती. दोघींच्या प्रयत्नांतून मार्च १८७२ मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला : लष्कर वगळता कोणत्याही व्यवसायातून कोणालाही केवळ लिंगाच्या कारणावरून वगळता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा अजून वर्षभर दूर होता.

१५/
१४ एप्रिल १८७३. सर्वोच्च न्यायालयाने आधी वेगळाच एक खटला निकाली काढला. न्यू ऑर्लिन्समध्ये लुइझियाना राज्याने एकाच कंपनीला कत्तलखान्याची मक्तेदारी दिली होती आणि तेथील खाटिकांनी त्याविरुद्ध दाद मागितली होती. पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. अल्पमतातील न्यायमूर्ती ब्रॅडली, फील्ड आणि स्वेन यांनी ठामपणे मांडले की, आपला व्यवसाय निवडणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

१६/
१५ एप्रिल १८७३. दुसऱ्याच दिवशी ब्रॅडवेल यांचा निकाल लागला. आठ विरुद्ध एक. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती मिलर यांनी लिहिले की, राज्याच्या न्यायालयात वकिली करणे हा अमेरिकी नागरिकत्वाशी निगडित हक्क नाही, म्हणून राज्याच्या निर्णयात हस्तक्षेप करता येत नाही. नकाराचे हे तिसरे कारण. येथे विवाहही नव्हता आणि स्त्रीत्वही नव्हते. होती केवळ अधिकारक्षेत्राची सीमा.

१७/
पण ब्रॅडली, फील्ड आणि स्वेन यांची पंचाईत झाली होती. आदल्या दिवशी खाटिकांसाठी जे तत्त्व मांडले, ते आज ब्रॅडवेल यांना लागू पडत होते. त्यातून सुटण्यासाठी ब्रॅडली यांनी स्वतंत्र मत लिहिले आणि फील्ड व स्वेन यांनी त्याला संमती दिली. पत्नी आणि माता होणे हेच स्त्रीचे सर्वोच्च जीवितकार्य असून तोच सृष्टिकर्त्याचा नियम आहे, असा त्या मताचा आशय. अविवाहित स्त्रियांचे काय? ते अपवाद, आणि नियम अपवादांवरून ठरत नसतात. हे चौथे कारण.

१८/
एकट्या मुख्य न्यायमूर्ती सॅमन चेस यांनी विरोधी मत नोंदवले. आदल्या दिवशी ते खाटिकांच्या बाजूने होते आणि आज ब्रॅडवेल यांच्या. चौघा अल्पमतवाल्यांपैकी दोन्ही दिवशी एकाच तत्त्वावर टिकून राहिलेले तेच एकमेव. प्रकृती खालावलेली असल्याने त्यांनी कारणे लिहिली नाहीत. तीनच आठवड्यांनी, ७ मे रोजी त्यांचे निधन झाले. विरोधी मताची नोंद उरली, युक्तिवाद मात्र कायमचा हरपला.

१९/
आता इलिनॉयकडे परत येऊ. स्त्रियांना वगळण्याचा अधिकार राज्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण इलिनॉयने तो अधिकार वर्षभरापूर्वीच स्वतः सोडून दिला होता. जून १८७३ मध्ये १९ वर्षांच्या अल्टा ह्युलेट राज्यातील पहिल्या महिला वकील झाल्या. ब्रॅडवेल यांनाही आता केवळ नवा अर्ज करायचा होता. तो त्यांनी कधीच केला नाही. साप्ताहिक चालवणे आणि कायदे बदलण्यासाठी झटणे त्यांनी सुरू ठेवले.

२०/
अखेर १८९० मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ च्या मूळ अर्जावरच त्यांना सनद दिली. १८९२ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना आपल्यापुढे वकिली करण्याची मुभा दिली. १४ फेब्रुवारी १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. आगीतून वर्गणीदारांची वही वाचवणारी त्यांची मुलगी बेसी १८८२ मध्येच कायद्याची पदवीधर झाली होती, तीही वर्गात पहिली.

२१/
ब्रॅडवेल यांच्या निकालाची छाया मात्र पुढेही राहिली. बेल्व्हा लॉकवुड १८७९ पासून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वकिली करीत होत्या. त्यांना व्हर्जिनिया राज्याने प्रवेश नाकारला. १८९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, आपल्या कायद्यातील ‘व्यक्ती’ म्हणजे केवळ पुरुष काय, हे व्हर्जिनियानेच ठरवावे. देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे उभी राहू शकणारी स्त्री एका राज्याच्या दाराशी ‘व्यक्ती’ ठरत नव्हती.

२२/
हाच शब्द भारतातही अडसर ठरला. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. कायद्यातील ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष, असा अर्थ लावून. पुढे पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्याही वाट्याला नकारच आला. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयात त्यांची नोंद झाली ती १९२१ मध्ये. येथेही तिढा सोडवला तो कायदेमंडळानेच : १९२३ च्या कायद्याने केवळ स्त्री असणे ही अपात्रता उरली नाही.

२३/
१९७३ मध्ये, ब्रॅडवेल निकालाला शंभर वर्षे होत असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हवाई दलातील एका महिला अधिकाऱ्याचा खटला आला. पतीसाठीच्या भत्त्यांबाबत तिला पुरुष सहकाऱ्यांपेक्षा वेगळा नियम लावला जात होता. ती जिंकली. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आपल्या मतात ब्रॅडली यांचा तोच उतारा उद्धृत केला. आदर म्हणून नव्हे, तर संरक्षणाच्या नावाखाली स्त्रियांना जखडून ठेवणाऱ्या विचाराचा नमुना म्हणून.

२४/
तीन नकार, चार कारणे : विवाह, स्त्रीत्व, अधिकारक्षेत्र, सृष्टिकर्ता. प्रत्येक कारण सुटे वाचले तर कायद्याच्या भाषेत चपखल बसते. ओळीने वाचले की दिसते ते एवढेच : निर्णय आधीच ठरलेला होता, बदलत होती ती केवळ सबब. जुने निकाल वाचताना नकाराचे कारण काय, एवढ्यावर थांबू नये. ते कारण आधी काय होते आणि नंतर काय झाले, हेही तपासावे.

(समाप्त)