यादीतलं सातवं नाव

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोलकात्याची मैदानं येतात, गोवा येतो, कोल्हापुरातल्या पेठा-तालमींच्या ईर्ष्येचे सामने येतात. आज ज्याबद्दल बोलायचं आहे तो हा फुटबॉल नाही. हा अमेरिकेतला, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर चिलखत चढवून खेळला जाणारा, पायापेक्षा हाताने जास्त खेळला जाणारा फुटबॉल. आपल्याकडे त्याला फारसं कुणी विचारत नाही. तरीही इतिहासाच्या मालिकेत मी तो आणतोय, कारण मोजकी माणसं, मोजका पैसा आणि कधी कोण जायबंदी होईल याचा नेम नाही, अशा परिस्थितीत माणसं कशी राखायची, याचं त्याच्याइतकं उघडंवाघडं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

खेळ समजायला कबड्डीचा आधार घेऊ. आपल्या सात जणांच्या बचावात डावा कोपरा आणि उजवा कोपरा असतो. चढाईपटूचा घोटा धरायचा तो कोपरारक्षकाने. तो बाद झाला की मधल्या माणसाला कोपऱ्यावर सरकवता येतं, पण ती नजर आणि ती झेप तो कुठून आणणार? अमेरिकन फुटबॉलमध्येही कोपरा आहे. अकरा बचावपटूंपैकी दोघे साधारणपणे दोन्ही कडांना उभे असतात, ते कॉर्नरबॅक. समोरच्या संघाचा चेंडू झेलणारा खेळाडू, म्हणजे रिसीव्हर, सुसाट पुढे धावत येतो आणि कॉर्नरबॅकला त्याच्यासोबत उलटं धावायचं असतं, तेही तो कुठे वळणार हे ठाऊक नसताना. त्यांच्या मागे आणखी दोघे, ते सेफ्टी. नावातच अर्थ आहे. पुढे सगळे चुकले तर शेवटचा बंदोबस्त यांचा. कॉर्नरबॅकची चूक दोन लाख लोकांना दिसते असं म्हणा हवं तर, पण सेफ्टीची चूक थेट धावफलकावर दिसते.

आता अडचण अशी की दोन आणि दोन मिळून चार माणसं ही फक्त कागदावरची गोष्ट. समोरच्याने तिसरा-चौथा रिसीव्हर आणला की आपल्यालाही पाचवा, सहावा बचावपटू आणावा लागतो. म्हणजे आपली किती माणसं मैदानात असावीत, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. वर ही सगळी वेगाने पळणारी माणसं असल्यामुळे किक अडवायला, किक परतवायला त्यांनाच पाठवतात. यादीतला सातवा-आठवा कॉर्नरबॅक त्या कामावरच आपली नोकरी टिकवून असतो.

आणि यादी असते 53 जणांची. मी ज्या 2004 सालाबद्दल बोलणार आहे त्या साली त्यातल्या 45 जणांनाच सामन्याच्या दिवशी तयार ठेवता येत होतं, आणीबाणीचा एक क्वार्टरबॅक वेगळा. त्यावर पैशाचं कुंपण. 1994 पासून या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, 2004 मध्ये ती साधारण 8 कोटी 6 लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असो, त्यापलीकडे जाता येत नाही. पहिल्या कॉर्नरबॅकला जास्त दिले की सहावा स्वस्तातला शोधावा लागतो. रोस्टर सांभाळणं म्हणतात ते हे.

आता न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाकडे येऊ. बोस्टनजवळचा संघ, प्रशिक्षक बिल बेलिचिक. माझ्या मते 2004 ची गोष्ट एक वर्ष आधी, 2 सप्टेंबर 2003 ला सुरू होते. त्या दिवशी त्यांनी लॉयर मिलॉय या आपल्या सेफ्टीला काढून टाकलं. मिलॉय म्हणजे संघाचा कणा, 2002 च्या सुरुवातीला जिंकलेल्या पहिल्या सुपर बोलमधला माणूस. पगार कमी करायला तो तयार झाला नाही, म्हणून मोसम सुरू व्हायला पाच दिवस उरले असताना त्याला निरोप. बफेलो बिल्सनी त्याला लगेच उचललं आणि पहिलाच सामना नेमका बफेलोशी. निकाल 31–0, बफेलोच्या बाजूने. सहकाऱ्यांच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना करा.

पण त्याच उन्हाळ्यात तीन-चार गोष्टी शांतपणे झाल्या होत्या. सॅन दिएगोने सोडलेला रॉडनी हॅरिसन हा सेफ्टी संघात आला होता. टायरोन पूल हा कॉर्नरबॅक आणला होता. ड्राफ्टमधून, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, दुसऱ्या फेरीत युजीन विल्सन आणि चौथ्या फेरीत असांते सॅम्युअल घेतले होते. दोघेही कॉर्नरबॅक. मिलॉय गेल्यावर विल्सनला सेफ्टी केलं. हे महत्त्वाचं आहे. कॉर्नरबॅकला सेफ्टी बनवता येतं, कारण पळणं त्याला येतंच, फक्त मैदान रुंद पाहायला शिकायचं असतं. उलटा प्रवास फार कमी जणांना जमतो. त्यामुळे शहाणा संघ कॉर्नरबॅक जादा घेऊन ठेवतो. त्या मोसमाचा शेवटचा साखळी सामनाही बफेलोशीच होता, आणि तो पेट्रियट्सनी जिंकला, 31–0 नेच. पुढे सुपर बोलही जिंकला. म्हणून मिलॉयशी जे झालं ते बरोबर होतं का? हिशेबाने बरोबर. पण सप्टेंबरात पाच दिवस उरलेले असताना एखाद्याला सांगायचं की तू आता नकोस, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत मावत नाही, असं मला वाटतं. हे काम जुलैतही करता आलं असतं.

संघाचा पहिला कॉर्नरबॅक होता टाय लॉ. जानेवारी 2004 मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सचा महान क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचे तीन चेंडू त्याने एकाच सामन्यात पळवले. पेट्रियट्सचे बचावपटू रिसीव्हरना धरतात, ढकलतात अशी ओरड झाली आणि पुढच्या मोसमापासून लीगने जुन्याच नियमाची अंमलबजावणी कडक केली. नियम 1978 चा आहे. पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवून धरायचं नाही. म्हणजे 2004 हे कॉर्नरबॅकसाठी मुळातच कठीण वर्ष. मॅनिंगने त्या मोसमात 49 टचडाउन पास टाकून तेव्हाचा विक्रम मोडला.

आणि नेमक्या त्याच वर्षी पेट्रियट्सचे कोपरे ढासळले. गुडघ्यामुळे पूल बाहेर. मग 31 ऑक्टोबर 2004, पिट्सबर्ग. सलग 21 सामने जिंकलेला संघ 34–20 असा हरला आणि त्याहून वाईट म्हणजे टाय लॉचं पाऊल मोडलं. तो पुन्हा त्या मोसमात उतरला नाही. त्याच्या जागी आला रँडल गे, ज्याला ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी सेंट लुई रॅम्सशी सामना, समोर टॉरी होल्ट आणि आयझॅक ब्रूससारखे रिसीव्हर. सुरुवातीलाच सॅम्युअलही जायबंदी झाला. आता कोपऱ्यांवर उरले कोण? गे, अर्थविंड मोरलँड नावाचा फारसा कुणाला ठाऊक नसलेला खेळाडू, आणि ट्रॉय ब्राउन.

ट्रॉय ब्राउनवर जरा थांबू या, कारण या कथेतला माझा आवडता माणूस तो आहे. तो रिसीव्हर, म्हणजे आक्रमणातला. 1993 च्या ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत 198 वा निवडलेला. 2001 मध्ये एका मोसमात 101 झेल घेतलेला. 2004 मध्ये वय 33. उन्हाळ्यातल्या सरावातच बेलिचिकने त्याला सांगून ठेवलं होतं की थोडा बचावही शिक. तेव्हा लोकांना ती गंमत वाटली असेल. दहा वर्षं जो दुसऱ्यांना चकवत आला त्याला आता चकवणाऱ्यामागे धावायचं होतं. पण एक फायदा त्याच्याकडे होता. रिसीव्हर कुठे वळणार, हे त्याला आतून माहीत होतं. रॅम्सच्या त्या सामन्यात तो पाचव्या बचावपटूच्या जागी खेळला, आणि त्याच सामन्यात मैदानाबाहेर जातोय असं भासवत कडेला उभा राहून किकर व्हिनाटिएरीने फेकलेला चेंडू झेलून टचडाउनही केला. पेट्रियट्स 40–22 ने जिंकले.

एका आठवड्याने बफेलो आलं. त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो, पेट्रियट्सचाच जुना. 1993 च्या ज्या ड्राफ्टमध्ये ब्राउन 198 वा होता त्याच ड्राफ्टमध्ये ब्लेडसो पहिला होता. किती वर्षं याने फेकलेले चेंडू त्याने झेलले होते. त्या दिवशीही झेलला, फक्त आता विरुद्ध बाजूने. त्या मोसमात ब्राउनने तीन इंटरसेप्शन घेतले. स्वतःच्या मूळ कामात त्याचे झेल मात्र 17 वर आले. 101 वरून 17. ज्याचा करार झेलांवर ठरतो त्या माणसाने हे मुकाट्याने स्वीकारलं, याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही.

इथे इतिहासात थोडं मागे जायला हवं. एकाच माणसाने दोन्हीकडे खेळणं हे एकेकाळी नवल नव्हतं, तोच रिवाज होता. 1950 मध्ये लीगने मुक्त बदली कायमची मान्य केली आणि मग आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे असे तज्ज्ञ तयार झाले. 1960 चा चक बेडनारिक हा त्या जुन्या पिढीतला शेवटचा मानला जातो. आणि राखीव माणसांची गोष्ट काढलीच आहे तर 1952 चा डिक ‘नाइट ट्रेन’ लेन सांगायलाच हवा. विमानांच्या कारखान्यात काम करणारा हा कृष्णवर्णीय तरुण लॉस एंजेलिस रॅम्सच्या कचेरीत स्वतःहून चालत गेला आणि संधी मागितली. आला रिसीव्हर व्हायला. तिथे जागा नव्हती, म्हणून त्याला बचावात टाकलं. पहिल्याच मोसमात, 12 सामन्यांत, 14 इंटरसेप्शन. आज मोसम 17 सामन्यांचा झाला तरी तो विक्रम उभा आहे.

तर जानेवारी 2005. साखळीत 14 विजय, 2 पराभव, पण कोपऱ्यांवर सॅम्युअल, गे आणि ब्राउन. हँक पोटीट नावाच्या एका संघ नसलेल्या कॉर्नरबॅकला ऐन बाद फेरीसाठी करारबद्ध केलं होतं. समोर मॅनिंग, 49 टचडाउनवाला. 16 जानेवारीला बर्फात सामना झाला आणि कोल्ट्सना मिळाले फक्त 3 गुण. 20–3.

कसं जमलं? बरेच जण याचं श्रेय प्रशिक्षकाच्या डावपेचांना देतात. ते आहेच. पण मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. पेट्रियट्सनी 60 पैकी 37 मिनिटांहून अधिक वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला. कोरी डिलन पळत राहिला, 144 यार्ड. मॅनिंग बाकावर बसला असेल तर तुमचा चौथा कॉर्नरबॅक कच्चा आहे की पक्का, हे कळणार कसं? घरात तूप थोडं असेल तर पाहुण्याला उशिरा वाढावं, तसलाच हा प्रकार. कोपऱ्यांची उणीव कोपऱ्यांवर नव्हे, आक्रमणाच्या बाजूने भरून काढली. पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गला 41–27 ने हरवलं. कॉर्नरबॅकचा सेफ्टी झालेल्या विल्सनने दोन चेंडू पळवले, आणि हॅरिसनने एक पकडून 87 यार्ड धावत टचडाउन केला.

6 फेब्रुवारी 2005, जॅक्सनव्हिल, सुपर बोल, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. पूर्वार्धातच विल्सनचा हात मोडला. आत आला डेक्स्टर रीड, चौथ्या फेरीतला नवखा सेफ्टी. सामन्याची दोनेक मिनिटं उरली असताना ईगल्सच्या ग्रेग लुइसने त्यालाच चकवून 30 यार्डांचा टचडाउन केला आणि अंतर तीन गुणांवर आलं. 24–21. यादीच्या तळाशी काय आहे, हे शोधून काढणं हाच तर प्रतिस्पर्ध्याचा धंदा. ईगल्सनी ते शोधलं, फक्त उशिरा शोधलं. शेवटच्या क्षणी हॅरिसनने चेंडू पळवला, त्या सामन्यातला त्याचा दुसरा, आणि खेळ संपला. तो चेंडू हॅरिसनच्या हाती लागला नसता तर रीडचं नाव आज अमेरिकेत कशासाठी घेतलं गेलं असतं, हे सांगायला नको.

त्याच फेब्रुवारी महिन्यात पेट्रियट्सनी टाय लॉला सोडून दिलं. कारण पुन्हा तेच, पगाराची मर्यादा. दहा वर्षं त्या कोपऱ्यावर उभा राहिलेला माणूस न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि 2005 च्या मोसमात त्याने 10 इंटरसेप्शन घेतले. पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, पेट्रियट्सकडूनही एका कॉर्नरबॅकने बरोबर 10 घेतले. तो होता चौथ्या फेरीतला असांते सॅम्युअल.