क्रोमॅटिनची घडी आणि ३० नॅनोमीटरचा धागा

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ पसरला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. तो मावतो मात्र काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात. या आवळणीची पहिली पायरी पक्की ठाऊक आहे. आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती डीएनए दीड वेढ्याहून थोडा अधिक गुंडाळला जातो. या मण्याला न्यूक्लिओसोम म्हणतात आणि त्याचा व्यास सुमारे ११ नॅनोमीटर असतो. डीएनए आणि प्रथिने मिळून होणारी मण्यांची ही माळ म्हणजे क्रोमॅटिन.

वाद आहे तो पुढच्या पायरीचा. १९७६ मध्ये जॉन फिंच आणि अ‍ॅरन क्लुग यांनी सुचवले, की ही माळ स्प्रिंगसारखी वळून ३० नॅनोमीटर जाडीचा धागा तयार होतो. पाठ्यपुस्तकांत हे चित्र इतके रुळले, की ते आजही सहज सापडते. त्याला क्ष-किरणांचाही आधार मिळाला. गुणसूत्रांवर क्ष-किरण सोडले, की ते अगदी लहान कोनांत विखुरतात. नमुन्यात एखादे अंतर पुन्हापुन्हा येत असेल, तर ठरावीक कोनाला विखुरलेल्या किरणांची तीव्रता वाढते आणि आलेखात शिखर दिसते. गुणसूत्रांच्या आलेखात ३० नॅनोमीटरच्या आसपास असे शिखर होते. मात्र या पद्धतीत छायाचित्र मिळत नाही. अंतर कळते, पण ते कशातले हे कळत नाही.

नेमकी हीच अडचण काझुहिरो माएशिमा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सोडवली. जपानमधील स्प्रिंग-८ या सिंक्रोट्रॉनवर त्यांनी विभाजनाच्या अवस्थेतील मानवी गुणसूत्रे तपासली. ६, ११ आणि ३० नॅनोमीटर अशी तिन्ही शिखरे दिसली. पण अतिशीत नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चित्रांत गुणसूत्रांच्या पृष्ठभागावर रायबोसोम चिकटलेले आढळले. ते धुऊन काढल्यावर ३० चे शिखर नाहीसे झाले, ६ आणि ११ ची राहिली. म्हणजे ते अंतर क्रोमॅटिनचे नव्हतेच, बाहेरून चिकटलेल्या रायबोसोमांचे होते! त्याहून मोठ्या अंतरांच्या, सुमारे १००० नॅनोमीटरपर्यंतच्या मोजणीतही नियमित रचना मिळाली नाही.

मग परीक्षानळीत हा धागा का दिसत होता? तिथे द्रावण विरळ असते, क्षारही कमी असतात. माळा एकमेकींपासून दूर राहतात आणि प्रत्येक माळेतले मणी आपल्याच शेजाऱ्यांना धरतात. पेशीतल्या दाटीत मात्र ते दुसऱ्या माळांतल्या मण्यांशीही जोडले जातात, त्यामुळे घडी अनियमित होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या गटाने मानवी पेशींतील क्रोमॅटिन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्रिमितीत पाहिले, तेव्हाही ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या साखळ्याच दिसल्या. जनुके वाचणाऱ्या प्रथिनांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. अशा सैल, लवचीक मांडणीत त्यांना डीएनएपर्यंत वाट मिळू शकते, ताठ आणि घट्ट धाग्यात ती अवघड होते.

३० नॅनोमीटरचा धागा ही निव्वळ कल्पना मात्र नाही. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत आणि तारामाशाच्या शुक्रपेशींत तो खरोखर आढळतो. या दोन्ही पेशींत जनुकांचे काम जवळजवळ थांबलेले असते.