स्वतःविषयी हाताने लिहिणे : काय लिहावे?

‘मी यशस्वी होणारच’ असे वहीत शंभर वेळा लिहा, हा सल्ला आपल्या अभ्यासिकांमध्येही पोहोचला आहे. आम्हाला तो अपुरा वाटतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वूड यांच्या २००९ च्या प्रयोगात, आत्मसन्मान कमी असलेल्यांना स्वतःविषयीचे गोड वाक्य घोकल्यावर उलट अधिकच वाईट वाटले.

२००६ मध्ये जेफ्री कोहेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सातवीच्या मुलांना वेगळे काम दिले : कुटुंब, मैत्री, कला यांपैकी तुम्हाला सर्वांत मोलाचे काय आणि का, ते कागदावर लिहा. जेमतेम १५ मिनिटांचे लेखन. कृष्णवर्णीय मुलांचे गुण वाढले, गोऱ्या मुलांशी असलेली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. (पुढच्या काही मोठ्या प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला, हेही खरे.)

हे आपल्याशी का जोडलेले आहे? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर करताच दलित मुलांची कामगिरी घसरली. जाहीर केली नव्हती तेव्हा फरक नव्हता. हा डाग बाहेरून लावला जातो.

म्हणून परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आधी घोषवाक्य नको. आपल्याला काय मोलाचे, त्यासाठी काल काय केले, ते पाच-सहा ओळींत लिहावे. हाताने, कारण हात सावकाश चालतो आणि कॉपी-पेस्ट करता येत नाही. वर्गात जातीवरून टोमणा मारला गेला असेल, तर मात्र त्याच वहीत तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार नोंदवून लेखी तक्रार करावी.