राजा नसलेले रानातले राज्य

आजच्या मुलांना एल्फ कोण ते सांगावे लागत नाही. टॉल्कीन या इंग्रज प्राध्यापकाची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही तीन खंडांची कथा १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरचे चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले आणि आपल्या घराघरांत जाऊन पोहोचले. दाट रानात लपलेले एक राज्य. तिथली माणसे धनुष्यबाणात तरबेज, झाडापाल्याची जाणकार, पाऊल न वाजवता चालणारी. बाहेरच्याला त्या राज्याची वाट सापडत नाही. माझ्या पिढीला हे एल्फ ठाऊक नव्हते. आमच्या कोकणात पाणवठ्यावर साती आसरा असत आणि आमच्यासारख्या मुसलमान घरांत दास्तानांतला कोहकाफचा डोंगर असे, पऱ्यांचा आणि जिन्नांचा. म्हणजे माणसाच्या वस्तीपलीकडे, झाडांच्या आड कुणाचे तरी राज्य आहे, ही कल्पना सगळ्यांचीच. मंडळी, आज मला विचारायचे आहे ते एवढेच : असे राज्य खरोखर कुठे होते का? आणि असले, तर त्याचे पुढे काय झाले?

पहिले उत्तर आपल्याला उत्तर कोकणात सापडते. जव्हार. आजच्या पालघर जिल्ह्यातला हा डोंगराळ मुलूख. तिथे मुकणे घराण्याच्या महादेव कोळी राजांनी सहाशे वर्षे राज्य केले. जयबा मुकणे हा मूळ पुरुष. त्याच्या मुलाला दिल्लीच्या मुहंमद तुघलकाकडून १३४३ साली ‘निमशाह’ हा किताब मिळाला असे मानतात. जयबाने जव्हार कसे मिळवले याची मोठी गमतीची दंतकथा आहे. त्याने म्हणे तिथल्या धन्याकडे बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि सगळे जव्हार वेढून घेतले. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डीडो राणीचीही सांगतात. गोष्टींना पासपोर्ट लागत नाही.

१६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जव्हारला थांबले होते, अशी परंपरा आहे. ती जागा शिरपामाळ म्हणून दाखवतात. पुढे पेशवे आले, इंग्रज आले, पण जव्हारचे सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान टिकून राहिले आणि १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. रानातले हे राज्य इतिहासात आले, कारण त्याला राजा होता. राजाला किताब होता, तह होते, कागद होते.

आता जव्हारहून दक्षिणेला या, पेण आणि रोह्याकडे. इथेही डोंगर आहेत, किल्ले आहेत. पेणजवळचा सांकशीचा किल्ला सांक नावाच्या राजाने बांधला असे लोक सांगतात आणि त्याच्या पायथ्याशी बद्रुद्दीन बाबांचा दर्गा आहे. रोह्याच्या माथ्यावर अवचितगड आहे, तो झाडीने इतका वेढलेला की जवळ जाईपर्यंत नजरेत भरत नाही. रोहा आणि मुरूड तालुक्यांच्या हद्दीवरचे फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथे शेकरू आहे, गारंबीचे दोरखंडासारखे वेल आहेत आणि पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणायची रीत आहे : चिखलगाण, फणसाडगाण. कवीच्या कानाला याहून गोड काय लागणार?

पण राजाचा किल्ला म्हणजे रानातले राज्य नव्हे, आणि नवाबाची शिकारही नव्हे. या रानात जे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, ज्यांना प्रत्येक गाण ठाऊक होते, त्यांना राजा नव्हता. ते कातकरी. कागदोपत्री त्यांना काथोडीही म्हणतात. रामाच्या सैन्यातल्या वानरांपासून आपण झालो, अशी त्यांची स्वतःची समजूत जुन्या जिल्हा गॅझेटियरांत नोंदलेली आहे. म्हणजे पाहा, अर्धे पुराणातले, अर्धे आपल्यातले. गावकऱ्यांनीही त्यांना तसेच वागवले. रानातल्या औषधासाठी त्यांच्याकडे जायचे, त्यांच्या मंत्रतंत्राला भ्यायचे आणि ओसरीवर मात्र चढू द्यायचे नाही.

त्यांचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडले. कात करणारे ते कातकरी. खैराचे झाड तोडायचे, साल आणि वरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या करायच्या. त्या मातीच्या मडक्यांत पाणी घालून उकळायच्या. तो अर्क आटवून दाट झाला, निवला, की त्याच्या वड्या पाडायच्या. हा झाला कात. हंगामापुरत्या झोपड्या रानातच, पाण्याच्या जवळ पडत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात असे वर्णन आहे की काम सुरू करण्याआधी कातकरी एक खैर निवडीत, त्याला शेंदूर लावीत, नारळ ठेवीत आणि भरपूर कात दे म्हणून त्याचीच प्रार्थना करीत. ज्याच्यावर कुऱ्हाड चालवायची त्याचीच आधी परवानगी घ्यायची. लाकूडतोडीचा एवढा सभ्य करार मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आणि हा कात जायचा कुठे? सगळीकडे. विड्याचा लाल रंग चुना आणि कात मिळून होतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात कातावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. कात समुद्रमार्गे पूर्वेला मलाक्क्यापर्यंत जात होता. पुढे युरोपात तो कातडी कमावायला आणि कापड रंगवायला वापरला जाऊ लागला. लग्नाच्या मांडवात, पिराच्या उरुसात, सुलतानाच्या आणि पेशव्याच्या दरबारात ज्यांचे ओठ रंगले, त्यांच्यातल्या कितीजणांना माहीत होते, की हा रंग एका मडक्यात, रानातल्या झोपडीपुढे उकळला आहे? राज्य दडलेले होते. त्याचा रंग मात्र सगळ्या जगाच्या तोंडी होता.

मग हे राज्य मोडले कसे? टॉल्कीनच्या कथेत एल्फ आपण होऊन निघून जातात. माणसांचे युग सुरू झाले हे ओळखून ते जहाजात बसून पश्चिमेला जातात. आमच्याकडे कुणी जहाजात बसले नाही. आमच्याकडे कायदा आला. १८६५ साली पहिला वनकायदा झाला, १८७८ साली त्याहून कडक दुसरा. रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. काल जो खैर पूजा करून तोडायचा, तो आज तोडला तर गुन्हा झाला. इमारतीच्या आणि आगगाडीच्या लाकडासाठी सरकारला रान हवे होते. कातकऱ्याचा धंदा गेला, नाव तेवढे उरले. सुताराला सुतारकी राहिली नाही तर तो दुसरे काही करील, पण ज्याच्या नावातच कात आहे त्याने काय करावे?

त्याने जे मिळेल ते केले. लाकडाच्या मोळ्या डोक्यावरून पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात आणल्या. शेताच्या बांधातली उंदरांची बिळे खणून त्यात साठवलेले भात काढले. ओढ्यात मासे आणि खेकडे धरले. सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे लग्नासाठी पैसे उचलले आणि त्या पैशापायी वर्षानुवर्षे राबला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या : म्हणजे ज्या रानात तो राहत होता, तेच रान जाळून मुंबईला कोळसा पुरवायचे काम त्याच्याच हातांनी झाले. नंतर वीटभट्ट्या आल्या. दिवाळी झाली की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जायची, पावसाच्या तोंडावर परतायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीचा हिशेब पुष्कळांना कधी उलगडला नाही.

इंग्रज अमदानीत एक वेगळीही सोय झाली, तिची आठवण ठेवली पाहिजे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, डोंगरउताराचे काही तुकडे कातकरी आणि ठाकर यांना नाचणी-वरी पिकवण्यासाठी खंडाने दिले गेले. त्यांना ‘दळी’ म्हणतात. दळीवर राबायचे, पण दळी आपली नव्हे, जमीन वनखात्याची. या एका शब्दापायी पुढची शंभर वर्षे कोर्ट, कचेरी आणि मोर्चे झाले. माणगाव-रोहा भागात उल्का महाजन आणि त्यांच्या सर्वहारा जन आंदोलनाने हा प्रश्न लावून धरला, म्हणून तो विसरला गेला नाही.

रान राखण्याच्या नावाखाली रानातल्यांना बाहेर काढले, तेव्हा सगळे गप्प बसले असे मात्र समजू नये. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला, पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात, अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. जे आठजण हुतात्मे म्हणून स्मरले जातात त्यांच्यात आगरी आहेत, कोळी आहेत, आणि एक नाव आहे नाग्या महादू कातकरी. ज्या जमातीचे एक नाव कुठल्या बखरीत नाही, सनदेत नाही, तिचे एक नाव हुतात्म्यांच्या स्तंभावर आहे. राजाविना राज्याचा इतिहास लिहायचा तर मी या नावापासून सुरुवात करीन.

स्वातंत्र्यानंतर कातकरी अनुसूचित जमातीत आले. पुढे कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या तीन ‘आदिम जमातीं’त त्यांची गणना झाली. आता सरकारी भाषेत ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. म्हणजे गोष्टीतल्या एल्फांसारखे ते नाहीसे झालेले नाहीत. पेणच्या बाजारात पहिल्या पावसाबरोबर शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन ज्या बाया बसतात, त्यांच्यात कातकरणी असतातच. शेवळ्याबरोबर मूठभर काकडेही त्या न मागता देतात, कारण त्याशिवाय शेवळ्याची खाज जात नाही. शहाणी सुगरण त्यांच्याकडून तेवढे एक शिकून घेते. बाकीचे ज्ञान आपण कधी विचारलेच नाही. त्यांची कातकरी बोलीही मराठीच्या शेजारी राहून मराठीहून वेगळी आहे. तिची नोंद होण्याआधी ती बोलणारी म्हातारी माणसे जाऊ लागली आहेत.

पण अजून एक दार उघडे आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी एवढे बोललो. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे आदिवासी वनजमिनीवर राहतात वा कसतात, त्यांचा हक्क त्यात मान्य झाला. जुन्या पट्ट्यांचे आणि खंडाच्या जमिनींचे मालकीत रूपांतर करण्याची तरतूद त्यात आहे. दळीच्या दृष्टीने ती महत्त्वाची. आदिम जमातींना आपल्या सगळ्या वावराच्या प्रदेशावर सामूहिक हक्क मागता येतो. आणि पुरावा काय लागतो? २००८ च्या नियमांत कागदपत्रांच्या बरोबरीने विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांना पुरावा मानले आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले, तर तोही पुरावा.

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी या नियमाकडे नीट पाहावे. जव्हारच्या राजाला किताबाचा कागद लागला. कातकऱ्याला कायद्याने प्रथमच सांगितले, की तुझ्या म्हाताऱ्याचे बोलणे हाच तुझा कागद. अमुक खैराला शेंदूर लावायचे, तमुक गाणावर आम्ही झोपड्या टाकायचो, या डोंगरावर माझ्या आज्याने नाचणी केली, हे वाक्य आता दस्तऐवज आहे.

अर्थात दस्तऐवज लिहिणाऱ्या हातावरही पुष्कळ अवलंबून असते. देशभर लाखो दावे फेटाळले गेले. ज्यांचे दावे फेटाळले त्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला दिला आणि २८ फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत रानातल्या किती झोपड्यांत चूल पेटवताना हात थरथरले असतील, याचा विचार करावा. २०२३ च्या नोव्हेंबरात अशा जमातींसाठी केंद्राने ‘पीएम-जनमन’ योजना सुरू केली. घरे, रस्ते, पाणी यांची तिच्यात तरतूद आहे. घर हवेच. पण पुष्कळ कातकरवाड्या आजही दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत, आणि मुंबईच्या इतक्या जवळ जमिनीचा भाव चढतो तेव्हा सगळ्यात आधी अशीच वाडी हलवली जाते. पायाखालची जमीन आपली नसेल, तर डोक्यावरच्या पत्र्याचे काय समाधान?

पेण आणि रोह्याच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलांना एल्फांच्या गोष्टी वाचू द्या, त्या सुंदर आहेत. पण वर्गात जे कातकरी मूल मागच्या बाकावर बसते, त्याला एक दिवस पुढे बोलवा आणि त्याच्या आज्याकडून पाच झाडांची, पाच ओढ्यांची नावे विचारून आणायला सांगा. ती त्याच्या बोलीतच वहीत उतरवून घ्या, वर तारीख आणि आज्याचे नाव घाला. उद्या ग्रामसभेत त्या वहीचे पान कुणाच्या तरी उपयोगी पडेल.