नटाचा परकायाप्रवेश

श्रीशंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केला, तेव्हां त्यांचा मूळ देह शिष्यांनीं राखला, अशी कथा आहे. नटाच्या कलेलाहि लोक कौतुकानें ‘परकायाप्रवेश’ म्हणतात. परंतु भूमिकेंत शिरलेला नट स्वतःस कितपत विसरतो? दिदरो या फ्रेंच ग्रंथकाराच्या, १८३० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन आहे कीं, थोर नट स्वतः कांहींच अनुभवीत नाहीं. तो शांत चित्तानें भावनेचीं बाह्य चिन्हें तेवढीं दाखवितो. उलट, नटानें पात्राच्या परिस्थितींत मनानें शिरलें पाहिजे, असा रशियांतील स्तानिस्लाव्हस्कीचा आग्रह होता.

मराठी रंगभूमीवर या वादाची कसोटी एके दिवशीं लागली. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. खाडिलकरांची भामिनी साकारणार होते बालगंधर्व. वय अवघें बावीस. त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी निवर्तली. तरीहि प्रयोग झाला.

भामिनी ही धनिकाची मानी लेक. तेथें हवा तोरा, थट्टा आणि प्रणय. पुढें तर ती वनमालेचें सोंग घेऊन धैर्यधराला भेटते; म्हणजे सोंगांत आणखी सोंग! नटाच्या अंतरांत त्या क्षणीं जें असेल, तेंच रंगभूमीवर उमटत असतें, तर त्या रात्रीं भामिनी उभीच राहिली नसती.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. २० फेब्रुवारीस गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास त्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. भरजरी शालूंसाठीं ख्यातनाम असलेले बालगंधर्व सिंधू होऊन जीर्ण लुगड्यांत वावरले. सुधाकर होते गणपतराव बोडस. भामिनीच्या वेळीं दाबलेला शोक सिंधूंत वाहिला, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. संगीत नाटकांतील नटाला रडतां रडतां गावें लागतें, आणि खरा हुंदका दाटला कीं स्वर लागत नाहीं. शिवाय प्रयोगामागून प्रयोग तीच सिंधू पुनः उभी करावयाची असते.

याचें उत्तर नाट्यशास्त्रांत सांपडतें. अश्रु, रोमांच, स्वरभंग इत्यादि आठ सात्त्विक भावांचें मूळ तेथें मनाच्या एकाग्रतेंत सांगितलें आहे. ज्याचें चित्त अन्यत्र आहे, त्याला ते साधत नाहींत. म्हणजे नटाकडून मागितलें जातें तें त्याचें खासगी दुःख नव्हे, तर त्याचें संपूर्ण अवधान.

त्या मार्चच्या रात्रीं बालगंधर्वांनीं भामिनीला हेंच अवधान दिलें. शंकराचार्यांचा देह राखावयास शिष्य होते. नटाला दोन्ही देह एकट्यानेंच राखावे लागतात, आणि पडदा पडल्यावर आपल्या घरीं परतावें लागतें.