तीन तास वीस मिनिटं

शिक्षणात काही नवीन येणार अशी बातमी वाचली, की इतर गावचे मास्तर घाबरतात. आम्ही वर्ध्याकडचे मास्तर घाबरत नाही. काशीच्या माणसाला गंगेचं काय कौतुक?

मी राहतो सिंदी मेघेला. (रेल्वे स्टेशनवालं सिंदी वेगळं, याची पाहुण्यांनी कृपया नोंद घ्यावी. तिथे उतरून माझं घर शोधणारे एक नातेवाईक अजून माझ्याशी बोलत नाहीत.) गाव वर्धा शहराला इतकं चिकटलेलं, की कुठे काय संपलं ते फक्त कर भरताना कळतं. १९३५ साली गांधीजी मगनवाडीत राहत होते, तेव्हा त्यांची माणसं सिंदीत येऊन रस्त्यावरची घाण उचलत. त्यांत महादेवभाई देसाई होते, मीराबेन होत्या. गाव आपलं बघत असे. थोरांनी झाडू हाती घ्यावा आणि आपण तो त्यांच्याच हाती राहू द्यावा, ही आपली जुनी रीत. पुढे शिक्षणाचंही तेच झालं.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं नुकतीच आलेली. ठरलं असं, की सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं वेळापत्रक आखलं. शाळा साडेपाच तास, वर्षाचे २८८ दिवस. त्यात उद्योगाला रोज तीन तास वीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस मिनिटं आणि मधल्या सुटीला दहा! समितीत मोठमोठे विद्वान होते, पण दहा मिनिटांत डबा, भांडण आणि समेट असे तीन विषय उरकून दाखवणारा एकही विद्यार्थी नव्हता, हे उघड आहे.

पोरांच्या मालातून मास्तरांचा पगार निघावा, अशीही कल्पना होती. त्यावर परिषदेतच खडाजंगी झाली. कमाईवर फार भर दिला तर मास्तरचा मुकादम होईल, असा इशारा खुद्द झाकिरसाहेबांनी दिला. आमचे पगार कसे निघतात हे पाहिलं, तर पोरांच्या सुतावर भिस्त ठेवणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, असं मात्र मला कधीकधी वाटतं.

पण योजनेचा गाभा टकळी नव्हती. गाभा असा, की उद्योग शिकवायचा नाही, उद्योगातून शिकवायचं. सूत मोजताना गणित, काळ्या मातीतून भूगोल, मँचेस्टरच्या गिरण्यांतून इतिहास. सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी हे मनापासून करून दाखवलं. बाकी ठिकाणी गाभा गळाला आणि टकळी उरली. माझ्या लहानपणी आम्ही ती मुख्यतः एकमेकांना टोचण्यासाठी वापरत असू. कोठारी आयोगानं (१९६४-६६) हाच विचार 'कार्यानुभव' म्हणून पुन्हा मांडला. तोवर मी मास्तर झालो नव्हतो. झालो तेव्हा कार्यानुभव म्हणजे कागदी फुलं झाली होती. पोरांच्या आया ती रात्री जागून करत. त्यांतल्या कित्येकींना मी सढळ हातानं 'अ' श्रेणी दिलेली आहे.

एकदा वर्गात मी कपाशीची बोंडं आणली. दुसऱ्या दिवशी एका पोराचा बाप दारात उभा. म्हणाला, "गुरुजी, कापूसच पाहाचा असता, तं पोट्ट्याले शाळेत काऊन धाडलं असतं जी?"

नई तालीम का रुजली नाही, यावर ग्रंथ आहेत. त्या बापानं ते एका वाक्यात आटोपलं. साहेबाच्या पोराच्या हाती पेन आणि मजुराच्या पोराच्या हाती पुन्हा कापूस, हा न्याय त्याला कळत होता. साहेबानं आपलं पोर टकळीच्या शाळेत घातलं असतं, तर यानंही घातलं असतं. साहेबानं काही घातलं नाही.

त्याचा पोरगा गणितात दरवर्षी गचकायचा. मी त्याला बापासमोरच विचारलं, "आईनं काल किती किलो वेचला? भाव काय? पैसे किती?" त्यानं तोंडी उत्तर दिलं, वर मुकादमानं किती कापले तेही सांगितलं. मग मी अमेरिकेतल्या १८६१ च्या यादवी युद्धानं वऱ्हाडच्या कापसाचा भाव कसा चढवला, ते सांगितलं. बाप दारातून आत येऊन कधी बसला, कळलंच नाही. तास संपल्यावर धोतर झटकत उठला आणि म्हणाला, "हे बेस हाय जी. पण परीक्षेत येते काय?"

आता २०२० च्या नव्या धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवायचं म्हणतात. एके काळी वर्षाचे ९६० तास होते, आता दहा दिवस आहेत. दहा तर दहा. माझी तक्रार नाही. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा त्याच वाटेनं चालते आहे, हेही मला ठाऊक आहे. पण १९३७ पासून इतक्या समित्या बसल्या आणि उठल्या, त्या बापाच्या दुसऱ्या प्रश्नाला 'हो, येते' असं एकीनंही छातीठोकपणे सांगितलेलं नाही. ज्या दिवशी सांगतील, त्या दिवशी मधली सुटी पाच मिनिटांची केली तरी चालेल.