बुशेलभर कोळशाचा हिशोब

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या जमिनीत कथील आणि तांबे होते, दगडी कोळसा मात्र नव्हता. खाणी जसजशा खोल गेल्या तसतसे त्यांत पाणी भरू लागले. ते उपसायला वाफेची इंजिने बसवावी लागली आणि त्यांच्यासाठी लागणारा कोळसा साउथ वेल्समधून गलबतांनी येऊ लागला. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी बसवलेल्या इंजिनाने किती कोळसा खाल्ला याची कोणी फारशी फिकीर करत नसे. कॉर्नवॉलमध्ये खाण चालणार की बुडणार हे त्याच आकड्यावर ठरे.

1712 साली थॉमस न्यूकमेन यांनी उभारलेल्या इंजिनात वाफेवर सिलिंडरमध्येच थंड पाण्याचा फवारा मारला जाई. वाफ आटली की पोकळी तयार होई आणि हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. अशा रीतीने प्रत्येक फेरीत अख्खे सिलिंडर थंड होई आणि ते पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ खर्ची पडे. जेम्स वॅट यांनी 1769 च्या पेटंटात वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र, म्हणजे संघनक, जोडले आणि सिलिंडर सतत गरम ठेवले. 1777 पासून वॅट आणि त्यांचे भागीदार बोल्टन यांची इंजिने कॉर्नवॉलमध्ये बसू लागली. या जोडगोळीची आकारणी धूर्त होती: जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग त्यांना द्यायचा. बचत मोजल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते, त्यामुळे मोजमाप आपोआपच धंद्याचा भाग झाले. खाणमालकांना ही खंडणी वाटे. त्यावरून कज्जेही झाले.

खाणवाले या मोजमापाला ‘ड्यूटी’ म्हणत. एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढते, तो आकडा म्हणजे ड्यूटी. न्यूकमेनच्या साध्या इंजिनांची ड्यूटी जेमतेम अर्धा कोटी भरे. 1800 साली वॅट यांच्या पेटंटाची मुदत संपली, त्यांची माणसे परतली आणि इंजिनांची देखभाल ढासळली. त्यावर उपाय म्हणून 1811 मध्ये खाणींचे जाणकार जोएल लीन यांनी प्रत्येक इंजिनाची ड्यूटी दर महिन्याला छापून जाहीर करायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर मुलांनी तो क्रम चालू ठेवला. कोणाचे इंजिन पुढे आणि कोणाचे मागे हे आता साऱ्या जिल्ह्याला कळू लागले. इंजिनियरांची अब्रूच पणाला लागली.

चढाओढीचे फळ लवकरच दिसले. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी वाफेचा दाब वाढवला. आर्थर वुल्फ यांनी वाफ दोन सिलिंडरांतून टप्प्याटप्प्याने प्रसरण पावू दिली. सॅम्युअल ग्रोस यांनी 1827 च्या सुमारास व्हील टोवन खाणीत बॉयलर, नळ आणि सिलिंडर उष्णतारोधक थराने लपेटले. एवढ्याशा सुधारणेने ड्यूटी आठ कोटींच्या पुढे गेली. 1835 मध्ये फोवी कन्सोल्स खाणीतल्या इंजिनाने एका दिवसाच्या जाहीर चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. ही रोजच्या कामातली सरासरी नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे.

पण ड्यूटीच्या आकड्यात एक मोठी उणीव होती. कालच्यापेक्षा आज किती जास्त हे त्यातून समजे. जास्तीत जास्त किती शक्य आहे हे मात्र समजत नसे. वीस कोटी होतील का, की शंभर? हा प्रश्न सोडवला तो खाणींशी काही संबंध नसलेल्या एका फ्रेंच लष्करी इंजिनियराने. 1824 साली 28 वर्षांच्या सादी कार्नो यांनी पॅरिसमध्ये एक छोटे पुस्तक छापले. कॉर्नवॉलच्या इंजिनांचे आकडे त्यांच्यापुढे होते आणि उत्तम इंजिनेही कोळशातील शक्तीचा विसावा हिस्सासुद्धा वापरत नाहीत, असे त्यांनी दाखवले.

पाणी उंचावरून खाली पडताना चक्की फिरवते, तशी उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाताना काम करते, अशी त्यांची मांडणी होती. याचा अर्थ असा की महत्त्व वाफेच्या दाबाला नसून दोन तापमानांमधल्या फरकाला आहे. इंजिनात वाफ असो, हवा असो की मद्यार्काची वाफ असो, त्या दोन तापमानांच्या दरम्यान चालणाऱ्या आदर्श इंजिनापेक्षा जास्त काम कोणतेही इंजिन देऊ शकत नाही. तसे झाले असते तर दोन इंजिने एकमेकांना जोडून फुकटात अखंड शक्ती मिळवता आली असती. उष्णता हा नाश न पावणारा द्रव आहे, ही त्या काळची समजूत कार्नो यांनी धरली होती. ती चुकीची निघाली, निष्कर्ष मात्र टिकला. 1832 मध्ये ते पटकीने वारले, तेव्हा त्यांच्या पुस्तकाची दखल जवळजवळ कोणीच घेतली नव्हती. क्लापेरॉन यांनी 1834 मध्ये ते विचार गणितात मांडले आणि 1850 च्या सुमारास क्लॉसियस आणि विल्यम थॉमसन यांनी त्यांची सांगड ऊर्जेच्या अक्षय्यतेशी घातली. उष्णतेचा काही भाग कामात बदलतो आणि उरलेला थंड बाजूला सोडून द्यावाच लागतो, हा त्यांचा निष्कर्ष.

वाफ 140 अंश सेल्सियस आणि संघनक 40 अंश धरला, तर निरपेक्ष तापमाने 413 आणि 313 होतात. दोघांमधल्या फरकाला वरच्या तापमानाने भागले की मर्यादा निघते सुमारे 24 टक्के. फोवीचा तो विक्रमी आकडा कोळशाच्या एकूण उष्णतेच्या साधारण 12 टक्के भरतो, आणि बॉयलरच्या धुराड्यातून जाणारी उष्णता त्यातच वजा झालेली आहे. म्हणजे कॉर्नवॉलचे कारागीर सिद्धांताच्या आधाराशिवाय आपल्या मर्यादेच्या बरेच जवळ पोहोचले होते. यापुढे जायचे तर तापमानच वाढवायला हवे होते. कार्नो यांचा सिद्धांत समोर ठेवूनच रुडॉल्फ डीझेल यांनी आपले इंजिन आखले. 1897 च्या चाचणीत त्याची कार्यक्षमता सुमारे 26 टक्के भरली.

लीन यांचे मासिक अहवाल 1904 मध्ये थांबले. ईस्ट पूल खाणीतले 90 इंची सिलिंडरचे कॉर्निश इंजिन मात्र 1954 पर्यंत पाणी उपसत होते.